तोरसकरांची करसवलत

भक्तीचा प्रश्न एका ओळीचा होता. "अहो, आर्याला नर्सरीत घातली तर आपल्याला परवडेल का?"

शुक्रवारची सुट्टी होती, पोटात घावणे होते, बाहेर बहरैनमधल्या गुदैबियाची गल्ली अजून झोपेत होती. अशा वेळी "हो" किंवा "नाही" यातलं काहीही एक बोलून दत्तप्रसाद तोरसकरला दुसरा चहा मागता आला असता. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बघतो."

सलमाबादमधल्या अॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांच्या गोदामात दत्तप्रसाद स्टॉक मोजायचं काम करायचा. त्याला लोक अकाउंटंट समजत आणि त्यानेही कधी कोणाचा गैरसमज दूर केला नव्हता. बिजागऱ्या, हँडल, रबराच्या पट्ट्या यांचा हिशोब सात वर्षं चोख ठेवलेल्या माणसाला अडीच वर्षांच्या एका मुलीचा हिशोब काय अवघड जाणार? फार तर अर्धा तास, असं त्याने स्वतःला सांगितलं.

प्रश्नामागचं कारण असं होतं. हूऱ्यातल्या एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर माणूस हवं होतं. तळमजल्यावर राहणाऱ्या खदिजाची दाढ त्याच दवाखान्यात गेले चार महिने दुरुस्त होत होती. तिने भक्तीचं नाव सुचवलं. भक्तीने लग्नाआधी कुडाळच्या एका हॉस्पिटलचा काउंटर तीन वर्षं सांभाळला होता. मुलाखत झाली, डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पगार दोनशे साठ दिनार, व्हिसाचं ते बघणार, वेळ नऊ ते साडेपाच. उत्तर येत्या बुधवारच्या पुढच्या बुधवारपर्यंत हवं होतं. म्हणजे बारा दिवस.

"बारा दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी," दत्तप्रसाद म्हणाला आणि लॅपटॉप उघडला.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम जवळजवळ झालंच होतं. तेवढ्यात भक्तीच्या इंग्लंडातल्या, लेस्टरच्या ताईचा व्हिडिओ कॉल आला. ताईचा मुलगा नर्सरीत जातो. दत्तप्रसादने सहज विचारलं, "ताई, तुमच्याकडे किती पडतं?" ताईने जो आकडा सांगितला तो ऐकून दत्तप्रसादला आपण गरीब असल्याचं समाधान वाटलं. पण ताई पुढे म्हणाली, "अर्थात तो वरवरचा आकडा रे. खरा खर्च आफ्टर टॅक्स बेनिफिट बघायचा. आमचा जवळजवळ पाचवा हिस्सा सुटतो."

आफ्टर टॅक्स बेनिफिट! कॉल संपला तरी ते शब्द दत्तप्रसादच्या कानात रेंगाळत राहिले. आपण नुसता वरवरचा आकडा काढून मोकळे होणार होतो, या विचाराने त्याला घाम फुटला. त्याने शीटमध्ये एक नवीन रकाना घातला, त्याला फिकट हिरवा रंग दिला आणि वर जाड अक्षरात लिहिलं, 'करसवलत'.

"पण आपण इथे टॅक्स भरतो कुठे?" भक्तीने भांडी घासता घासता विचारलं.

"तुला त्यातलं कळायचं नाही," दत्तप्रसाद म्हणाला. खरं तर त्यालाही कळलेलं नव्हतं. पण रकाना झाला होता, आणि रिकामा रकाना हा त्याच्या दृष्टीने न मोजलेला माल होता. तो तसा सोडून झोप लागणं शक्य नव्हतं.

रविवारी कामावर जायच्या आधी तो नर्सरीत गेला. घरापासून चार इमारती सोडून एका जुन्या व्हिलाच्या भिंतींवर जिराफ रंगवले होते, तीच नर्सरी. तिथल्या मिस सबा हैदराबादच्या होत्या. त्यांनी फीचा कागद पुढे केला, महिना पंचाहत्तर दिनार, सकाळी सात ते दुपारी दोन. दत्तप्रसादने कागद उलटा करून पाठीमागे पाहिलं.

"मॅडम, ये तो ठीक है. आफ्टर टॅक्स बेनिफिट कितना होगा?"

मिस सबांनी त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. अंगणात वाळू खाणाऱ्या मुलाकडे त्या मघाशी तसंच पाहत होत्या.

"सर, इन्कम टॅक्स तो यहाँ मफी, मतलब है ही नहीं. बेनिफिट मैं किसमें से दूँ?"

हा प्रश्न दत्तप्रसादला जरा उद्धट वाटला. त्याने विषय बदलून व्हॅटची चौकशी केली, खाऊवर लागतो का, युनिफॉर्मवर लागतो का, एसीचे पैसे वेगळे घेतले तर त्यावर काय. मिस सबांनी शांतपणे सगळं सांगितलं आणि मग पेन उचललं. "अब मैं कुछ पूछूँ? बच्ची खाना खुद खाती है? दोपहर में कितना सोती है? किससे डरती है?"

आर्या रोज दुपारी किती झोपते? दत्तप्रसाद तेव्हा सलमाबादला असायचा. ती कशाला घाबरते? मिक्सरला घाबरते असं भक्ती एकदा म्हणाली होती. की ते शेजारच्यांच्या मुलाबद्दल होतं? "मैं... चेक करके बताता हूँ," तो म्हणाला आणि एकाही प्रश्नाचं उत्तर न देता बाहेर पडला. बसमध्ये त्याला बराच वेळ अस्वस्थ वाटत होतं. ते व्हॅटमुळेच, असं त्याने मनाशी नक्की केलं.

आता सल्ल्याची गरज होती आणि सल्ल्याला गुदैबियात तोटा नाही. खदिजाचा नवरा सिराज रत्नागिरीचा, एका शिपिंग एजंटकडे बावीस वर्षं कारकून. बहरैनमधल्या प्रत्येक काउंटरवर कोणत्या खिडकीत कोण बसतो हे त्याला पाठ. त्याने दत्तप्रसादचं सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "दत्ता, इथे टॅक्स नाही तर तिथे बघ की. कुडाळला तुझा गाळा आहे ना भाड्याने? भाडं म्हणजे इन्कम. इन्कम म्हणजे टॅक्स. आणि टॅक्स आला की बेनिफिट आलाच पाठोपाठ."

दत्तप्रसादला सिराजला मिठी मारावीशी वाटली. सात वर्षं गाळ्याचं महिना सात हजार रुपये भाडं येत होतं आणि आपण त्यावर दमडीचा कर न भरून केवढी सवलत घालवत होतो!

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने कुडाळच्या सीए मृणाली मॅडमना फोन लावला. मॅडम वयाने लहान आणि बोलायला भरभर.

"तुम्ही एनआरआय आहात हे बँकेला कळवलंय?"

"बँकेने कधी विचारलं नाही."

"भाडेकरूला?"

"त्याला माहीत आहे ना. दर वर्षी माझ्याकडून खजूर घेतो."

"तसं नव्हे हो. भाडेकरूने तुमच्या भाड्यातून टॅक्स कापून सरकारला भरायला हवा. तीस टक्क्यांच्या वर. आतापर्यंत कापला नाही म्हणजे घोळ आहे. बरं झालं तुम्ही स्वतःहून विचारलंत, सुरुवात करून टाकू. माझी फी चार हजार."

"आणि कापलेला टॅक्स?"

"पुढच्या वर्षी रिटर्न भरलं की परत मिळेल. तुमचं उत्पन्न एवढं थोडं आहे की तुम्हाला टॅक्स बसतच नाही."

या शेवटच्या वाक्याने दत्तप्रसाद जरा दुखावला. तरी त्याने मूळ मुद्दा सोडला नाही. "मग त्यातून नर्सरीच्या फीची सवलत?"

"शाळा कुठे आहे?"

"गुदैबियात."

"शाळा भारतात असावी लागते, तोरसकर." पलीकडे कोणीतरी हसल्याचा आवाज आला. बहुधा मॅडमने फोन स्पीकरवर ठेवला होता.

इथे दुसरा कोणी थांबला असता. पण मंगळवारपर्यंत भाडेकरूला रीतसर ईमेल गेली होती आणि थांबणं दत्तप्रसादच्या हातात राहिलं नव्हतं. भाडेकरू दत्ताराम मोबाइलचं दुकान चालवायचा. त्याचा फोन आला तेव्हा दत्तप्रसाद गोदामात शिडीवर उभा राहून रबराच्या पट्ट्या मोजत होता.

"दादानु, ह्या काय पाठवलास? मी टॅक्स कापू? माझ्या दुकानात दिसाक चार स्क्रीनगार्ड खपतत! माका ह्या इंग्लिश वाचून बायकोन इचारल्यान, धाड पडली की काय!"

"दत्ताराम, घाबरू नको. तो फक्त कायद्याचा—"

"माका कायदो नको. माका गाळो नको. मी समोरच्या कॉम्प्लेक्सात जातंय."

पट्ट्यांची मोजणी दोनशे चौदापर्यंत आली होती ती गेली. दत्तारामने गाळा सोडू नये म्हणून दत्तप्रसादने महिना पाचशे रुपये भाडं कमी केलं. शिवाय कागदपत्रांचा खर्चही आपल्या अंगावर घेतला. रात्री त्याने हिरव्या रकान्यात पहिल्यांदा आकडे भरले. ते सगळे उणे होते.

"झालं का बघून?" भक्तीने विचारलं.

"होत आलंय. जरा कंपनीकडे एक विचारून घेतो."

भक्ती आर्याला झोपवत होती आणि आर्या तिला कार्टूनमधून उचललेल्या इंग्रजीत सांगत होती की आज तिला झोप येत नाही. भक्ती मराठीत विचारायची, आर्या इंग्रजीत उत्तर द्यायची. दिवसभरात घरात भक्तीचं कोणाशी बोलणं होई ते एवढंच. हे दत्तप्रसादच्या लक्षात यायला पाहिजे होतं. त्या वेळी मात्र तो पाचशे रुपयांचे दिनार किती होतात ते पाहत होता.

गुरुवारी तो अर्शदसमोर जाऊन उभा राहिला. अर्शद म्हसळ्याचा. कंपनीचं एचआर खातं म्हणजे अर्शद, एक टेबल आणि हजेरीचं मशीन.

"अर्शदभाई, कंपनीकडून मुलांसाठी काही बेनिफिट मिळतो का?"

अर्शदने कपाट उघडलं. "फॉर्म आहे एक. कोणी मागितला नाही अजून." फॉर्मवर इंग्रजीत 'कुटुंबात नवीन सदस्य' अशा अर्थाचं काहीतरी होतं. दत्तप्रसादने विचार केला, आर्या घरात होती, नर्सरीच्या दृष्टीने नवीनच आहे. त्याने फॉर्म भरला. 'अपेक्षित तारीख' असा एक रकाना होता, तिथे त्याने पुढच्या महिन्याची एक तारीख लिहिली, कारण नर्सरी त्या दिवसापासून सुरू होणार होती.

तासाभराने काचेचा दरवाजा उघडून इजिप्तचे मॅनेजर अबू करीम बाहेर आले. दोन्ही हात पसरून ते अभिनंदन करत ओरडले, "मबरूक! मबरूक, तोरस्कर!" आणि त्यांनी दत्तप्रसादच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "नेक्स्ट मन्थ! यू नेव्हर टेल! सच अ क्वाएट मॅन!"

"नो सर, नो बेबी, सर. ओन्ली नर्सरी—"

"यस, यस, नर्सरी, इंशाल्ला, एव्हरीथिंग!" अबू करीमनी खिशातून दहा दिनारची नोट काढून त्याच्या मुठीत कोंबली. ती परत करायला दत्तप्रसादने तीनदा हात पुढे केला आणि तीनही वेळा त्याची पाठ थोपटली गेली. तोवर फोर्कलिफ्टवाले, वेल्डर, पॅकिंगवाले सगळे जमले होते आणि मिठाई मागत होते. साहेबाने सगळ्यांदेखत गालांचे मुके घेतल्यावर बातमी खोटी आहे असं सांगायला जे धैर्य लागतं ते दत्तप्रसादकडे नव्हतं. सहा दिनार चारशे फिल्सचे पेढे आले. उरलेले तीन दिनार सहाशे फिल्स त्याने रात्री हिरव्या रकान्यात अधिक म्हणून लिहिले. तो आठवडाभराच्या खटपटीतला पहिला आणि एकमेव बेनिफिट.

शुक्रवारी नमाजानंतर अर्शदने ही बातमी सिराजला सांगितली. सिराजने ती घरी जाऊन खदिजाला सांगितली. खदिजाने कपाळावर हात मारून घेतला, की मी रोज भेटते आणि मला पत्ता नाही. गेल्या वर्षी दत्तप्रसादची आई तीन महिने इथे राहून गेली होती तेव्हापासून तिचा आणि खदिजाचा जीव जडलेला. खदिजाने तिला ताबडतोब व्हॉइस मेसेज धाडला.

शनिवारी सकाळी आईचा फोन आला.

"अरे मेल्या, तुका लाज नाय? सून दोन जीवांची आसा आणि माका शेजारणीकडसून कळता?"

"आई, तसं काही नाही. तो टॅक्सचा—"

"टॅक्साचा माका सांगा नको! नववो म्हयनो आणि तिका जिने चढूक लावतस?"

फोन ठेवतोय तोवर दारात खदिजा कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन उभी. भक्तीला बघून ती थबकली, तिच्या पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "अगं, पुढच्या महिन्यात ना? काहीच दिसत नाही गं! जेवतेस की नाही?"

भक्तीने बरणी घेतली, दार लावलं आणि वळली. दत्तप्रसादने फॉर्मपासून पेढ्यांपर्यंत सगळं सांगितलं. भक्ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"खदिजाताई काल संध्याकाळी दवाखान्यात गेल्या होत्या," ती म्हणाली. "दाढेला टोपी बसवायला."

दत्तप्रसादला याचा अर्थ लगेच कळला नाही. रविवारी सकाळी कळला. दवाखान्यातून फोन आला, भक्तीने तो स्पीकरवर न टाकता ऐकला, "येस मॅडम, नो मॅडम" म्हणाली आणि फोन खाली ठेवला. डॉक्टरीणबाईंनी अभिनंदन केलं होतं. तब्येतीची काळजी घे, नोकरीचं काय, पुढे कधीतरी बघू. जागेसाठी त्यांनी दुसऱ्या एका मुलीला बोलावलं होतं, दुपारी.

दत्तप्रसाद कामाचे कपडे घालून उभा होता. "मी बोलतो त्यांच्याशी. मी एक ईमेल—"

"तुम्ही काही पाठवू नका." भक्ती एवढं हळू बोलली की दत्तप्रसाद खुर्चीत बसला. "अहो, दोन वर्षं मी या घरात आहे. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरच्या वाण्याशी बोलते, दूध, अंडी, थँक्यू. खदिजाताईंशी बोलते, दाढ. तुम्ही आलात की तुमच्याशी बोलते, दमलात का. मला परत कुठेतरी जाऊन बसायचंय, जिथे लोक मला काहीतरी विचारतील आणि मला त्याचं उत्तर येत असेल. मी एवढंच विचारलं होतं, परवडेल का."

दत्तप्रसादच्या तोंडून निघालं ते असं, "पण खरा आकडा निघाल्याशिवाय..."

भक्तीने फ्रिजवरचं कोल्ड स्टोअरचं बिल काढलं. त्याच्या पाठीमागे पेन्सिलने चार ओळी होत्या. दोनशे साठ. वजा नर्सरी पंचाहत्तर. वजा खदिजाताई पंचेचाळीस, कारण दोन ते साडेपाच आर्याला त्या सांभाळणार होत्या. वजा टॅक्सी-बसचे दहा. खाली रेघ आणि रेघेखाली एकशे तीस.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही बघतो म्हणालात ना, त्याच दुपारी. सोमवारी नर्सरीत जाऊन नाव घालून आले. मिस सबा म्हणाल्या, कल एक सर आये थे, टॅक्स पूछ रहे थे, आपके पहचान के हैं क्या?"

"तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

दत्तप्रसादने मान खाली घातली. मग दुखावलेल्या माणसाच्या हळू आवाजात विचारलं, "मग मला थांबवलं का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही कधीतरी हो म्हणाल. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

खाली गल्लीत गॅसचा ट्रक घंटा वाजवत गेला. दत्तप्रसादने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हो," तो म्हणाला. "परवडेल. नसतं परवडत तरी जा."

भक्ती तेवढ्यावर थांबली नाही. तिने साडी बदलली, आर्याला कडेवर घेतलं आणि हूऱ्याला निघाली. दत्तप्रसादने सात वर्षांत पहिल्यांदा अर्शदला फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं. ("बेबी?" अर्शदने काळजीने विचारलं.) दवाखान्याच्या दाराशी भक्तीने त्याला बाहेरच थांबायला सांगितलं. तो टूथब्रशच्या मोठ्या चित्राखाली उभा राहिला. वीस मिनिटांनी ती बाहेर आली.

"काय झालं?"

"मिळाली."

"काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं की आमचे मिस्टर अकाउंट्समध्ये आहेत, त्यांची टोटल चुकली. एकाच्या जागी दोन मुलं आली."

"हसल्या?"

"फार. दुसऱ्या मुलीला फोन करून नको म्हणाल्या. म्हणाल्या, असा नवरा असून तू मुलाखतीत इतकी शांत, आम्हाला अशीच बाई हवी."

यातलं किती खरं आणि किती भक्तीने वाढवलेलं हे विचारायचा धीर दत्तप्रसादला झाला नाही.

एक तारखेला नियम असा होता की पहिल्या दिवशी पालकांपैकी एकाने नर्सरीत बसायचं, मूल रमेपर्यंत. भक्तीचाही तो पहिलाच दिवस, म्हणून दत्तप्रसादने अर्धी रजा टाकली. त्याला एका लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवण्यात आलं. खुर्ची जमिनीपासून वीतभर उंच होती आणि त्यामुळे त्याचे गुडघे कानांजवळ आले होते. आजूबाजूला सगळी मुलं रडत होती. आर्या रडेल, आपण तिला जवळ घेऊ, अशी त्याने मनाची तयारी केली होती. आर्या सात मिनिटांत ठोकळ्यांकडे गेली. पंधराव्या मिनिटाला ती परत आली, त्याच्या बुटाकडे बघून म्हणाली, "बाबा, यू गो ऑफिस नाऊ," आणि निघून गेली.

तो तरीही अर्धा तास बसला. शेवटी मिस सबा आल्या. "सर, बच्ची सेटल हो गई. अब आप भी हो जाइए."

रस्त्यावर येऊन त्याला ही बातमी कोणालातरी सांगावीशी वाटली. भक्तीचा मोबाइल बंद होता, म्हणून त्याने दवाखान्याच्या नंबरवर फोन लावला. दोन रिंगा झाल्या आणि एक अत्यंत गोड, अनोळखी इंग्रजी आवाज आला. गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू?

"भक्ती? मी आहे."

मागे डॉक्टरीणबाई कोणाला तरी तोंड उघडा म्हणत होत्या. "येस सर. युअर नेम, प्लीज?"

"अगं, मी! दत्तप्रसाद."

"मिस्टर दत्तप्रसाद, काइंडली होल्ड द लाइन."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत "अहो", "ऐकलंत का" आणि आईसमोर नुसतं खाकरणं यापलीकडे भक्तीने त्याला कधी हाक मारलेली नव्हती. दत्तप्रसाद जिराफांच्या भिंतीला टेकून उभा राहिला. कानात पियानो वाजत होता. सलमाबादची बस समोरून आली, थांबली आणि गेली. त्याने फोन ठेवला नाही.

"थँक यू फॉर होल्डिंग, सर. टेल मी. इज द चाइल्ड क्राइंग?"

"नाही. एकदाही नाही."

"अँड यू, सर?"

दत्तप्रसादने चष्मा काढून शर्टाला पुसला. भक्तीने उत्तर मागितलंही नाही.

"युअर अपॉइंटमेंट इज फाइव्ह-थर्टी," ती म्हणाली. "प्लीज ब्रिंग द चाइल्ड. अँड मिस्टर दत्तप्रसाद, डोन्ट बी लेट."